खर्डीची बोअर: ४२० फुटांवर धुरळा, १७२ फुटांवर पाणी

आम्ही राहतो भांडुपला, म्हणजे मुंबईच्या पाण्याचं ते प्रचंड मोठं शुद्धीकरण केंद्र जिथे आहे तिथे, आणि आईचं माहेर शहापूर तालुक्यात, खर्डी स्टेशनला उतरून आत रिक्षाने पाऊण तास. तानसा त्याच तालुक्यात, भातसा त्याच तालुक्यात. म्हणजे बघा, मुंबईच्या पाइपची दोन्ही टोकं आमच्याच घरातली, आणि तरी मामाच्या वाडीत मार्च संपला की टँकरची वाट बघत बायका हंडे लावून बसतात. हे लहानपणापासून बघत आलोय, पण स्वतःच्या खिशातून पैसे जाईपर्यंत त्याचा कधी विचार केला नव्हता हे खरं.

आईच्या वाट्याला तिथली २८ गुंठे जमीन आली. शेजारचा तुकडा मामांचा, ते आणि मामी कायम तिथेच असतात. दादाच्या डोक्यात आलं की छोटं घर बांधू, चाळीसेक आंब्याची कलमं लावू, शनिवार-रविवार जाऊ, आई रिटायर झालीये तर तीही राहील. आणि घराच्या आधी पाणी हवं, तर मारून टाकू एक बोअर. हे "मारून टाकू" जे आहे ना, त्यातच सगळं आलं. भांडुपात नळ सोडला की पाणी येतं, कमी आलं तर सोसायटीच्या ग्रुपवर बोंब मारायची, एवढाच आमचा पाण्याशी संबंध. जमिनीखाली पाणी असतंच, फक्त पोचायला हवं, अशी आमची समजूत होती. किती फूट जायचं एवढाच काय तो प्रश्न.

जे झालं ते सगळं आकड्यांसकट लिहितोय, कारण आमच्यासारखे मुंबईहून जाऊन गावी बोअर मारणारे बरेच आहेत आणि बहुतेक जण फेल गेलेल्या बोअरबद्दल बोलतच नाहीत, लग्न मोडल्यासारखं गप्प बसतात.

पहिली बोअर, नोव्हेंबर २०२२

जमिनीचा वरचा भाग टेकाडावर आहे, रस्त्याला लागून. खालचा कोपरा उतारावर, ओढ्याच्या दिशेने, तिथे एक जुना उंबर आहे. घर वर बांधायचं ठरलं होतं कारण वरून डोंगर दिसतो, वहिनीला ते फार आवडलं होतं. मग बोअरही वरच, पाइप कमी लागेल, गाडीही रस्त्यावरून सरळ आत येईल. मामा म्हणाले होते, "अरे, खाली उंबराशी बघा की, तिथे फेब्रुवारीपर्यंत गवत हिरवं असतं." आम्ही हो हो म्हणलं आणि सोडून दिलं. वरच्या बाजूला दीड-दोनशे पावलांवर एकाच्या बोअरला २१० फुटांवर पाणी लागलं होतं, ते आम्हाला पुरेसं वाटलं.

पाणाड्याला बोलावलं. तळहातावर नारळ आडवा ठेवून फिरायचा, एका जागी नारळ उभा राहिला, मग जांभळीची दुबेळकी काठी घेऊन परत फिरला, तीही तिथेच खाली वळली. गंमत म्हणजे ती जागा बरोब्बर आम्ही घर जिथे दाखवलं होतं त्याच्या मागे वीस फुटांवर. दक्षिणा ११०० रुपये आणि नारळ. मी त्याला फसवा म्हणणार नाही, तो मनापासून करत होता, पण हातावरचा नारळ हा हातावरचाच असतो आणि हाताला माहीत असतं मालकाला जागा कुठे हवीये.

गाडी आली रात्री नऊला. तमिळनाडूची गाडी, आपल्याकडे बऱ्याच गाड्या तिकडच्याच असतात, तिरुचेनगोडे भागातल्या. एक ट्रकवर रिग, दुसऱ्यावर कॉम्प्रेसर आणि रॉड. भाव ठरला ३०० फुटांपर्यंत ९५ रुपये फूट, मग पुढच्या दर शंभराला १० रुपये वाढ, केसिंगचा पाइप (वरचा भुसभुशीत भाग ढासळू नये म्हणून भोकात घालतात तो) ३५० रुपये फूट वेगळा. साडेसहा इंची बोअर. ज्यांनी बघितलं नाहीये त्यांच्यासाठी सांगतो, ही ड्रिलसारखी नुसती फिरत नाही. खाली टोकाला हॅमर असतो, कॉम्प्रेसरची हवा रॉडमधून जाऊन त्याला ठोकत राहते, दगडाचा चुरा होतो आणि तीच हवा तो चुरा बाजूच्या फटीतून वर फेकते. म्हणजे खाली काय लागलंय ते तुमच्या समोर सतत येऊन पडत असतं. फक्त बघायला हवं.

आम्ही बघितलं नाही. आम्ही रॉड मोजत होतो. एक रॉड २० फुटांचा. पहिले ३५ फूट मुरूम, मग ४० पर्यंत केसिंग घातलं, आणि मग काळा पाषाण. करडा धुरळा, सिमेंटची गोणी फाटावी तसा, सगळ्यांच्या केसांवर भुवयांवर, मामींनी वाळत घातलेल्या कपड्यांवर सुद्धा. मध्ये कधीतरी धुरळा थांबला, लालसर चिखलाचे गोळे आले, सगळे ओरडलो "आलं आलं", दहा मिनिटांत परत करडा धुरळा. २०० झाले. २६० झाले. ३०० ला दादा म्हणाला थांबूया का, ड्रायव्हर म्हणाला, "साब, इतना किया है तो सौ और मारो, अभी छोड़ेगा तो सब पैसा गया." रात्रीचे दीड वाजलेले, कान बधिर, आणि हे वाक्य. त्याला फुटाचे पैसे मिळतात हे आम्हाला माहीत होतं आणि तरी आम्ही मान डोलावली, कारण आता थांबणं म्हणजे २८ हजार पाण्यात, किंवा पाण्यात सुद्धा नाही.

४२० ला थांबलो. एकवीस रॉड. कोरडी ठणठणीत. दगड टाकून बघितला तर नुसता खडखडत गेला.

ड्रिलिंग ४१,३००, केसिंग १४,०००, पाणाड्या ११००, वर जेवणखाण. साधारण ५७ हजार. दादा सकाळच्या कसारा लोकलमध्ये आसनगाव येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.

त्या भोकाचं काय केलं

हे आधी सांगतो कारण हे बहुतेक लोक करतच नाहीत. आम्हीही नव्हतं केलं. तोंडावर गोणपाट, त्यावर मोठा दगड, आणि निघून आलो. मामींनी चार दिवसांनी फोन केला, "पाड्यावरची पोरं शेळ्या घेऊन तिथून जातात, आजच्या आज बंद करा, नायतर मी झोपणार नाही." खरं होतं. २००६ मध्ये हरयाणात लहान मुलगा बोअरमध्ये पडला होता ती बातमी आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितली, त्यानंतरही किती झाल्या. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये याच्यासाठी सूचना दिल्यात: बोअर मारायच्या १५ दिवस आधी प्रशासनाला कळवायचं, काम चालू असताना भोवती कुंपण आणि बोर्ड, केसिंगभोवती सिमेंटचा कट्टा, तोंडाला झाकण पक्कं, आणि सोडून दिलेली बोअर तळापासून जमिनीपर्यंत भरून काढायची. यातलं आम्ही एकही केलं नव्हतं, आणि गाडी ठरवून देणाऱ्या एजंटनेही काही सांगितलं नाही.

साडेसहा इंची बोअरमध्ये एका फुटाला साधारण साडेसहा लिटर जागा असते (हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे), म्हणजे ४२० फुटांना २७०० लिटरच्या वर, जवळजवळ एक ब्रास माल. तिथेच पडलेला चुरा आणि बारीक मुरूम घमेल्याने हळूहळू सोडला, घाई केली तर मध्येच अडकतो आणि खाली पोकळ राहतं. दोन माणसांचा दीड दिवस. वर सिमेंट.

मग विचारलं कोणालातरी

ऑफिसातल्या एकाच्या ओळखीने ठाण्यातले एक निवृत्त भूवैज्ञानिक मिळाले, त्यांना आम्ही सरच म्हणायचो. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून हेच काम करतेय हे मला तेव्हा कळलं, चाळीशी उलटल्यावर! सरांनी पहिला प्रश्न विचारला, "पाणी किती हवंय?" आम्ही म्हणलं भरपूर. ते म्हणाले भरपूर म्हणजे किती लिटर. मग कागद घेऊन बसलो: मामा-मामी दोघं, आई, शनिवार-रविवार आम्ही चार जण आणि पोरं, चाळीस कलमांना आठवड्यातून दोनदा पंधरा-वीस लिटर. सगळं धरून दिवसाला दीड ते दोन हजार लिटर. एवढंच. आम्ही ४२० फूट कशासाठी गेलो होतो याचा हिशोब तिथेच लागला.

दुसरा प्रश्न, "पहिल्या बोअरची नोंद आहे का, कुठे काय लागलं?" नव्हती. पण वहिनीने स्टेटसला टाकायला भरपूर व्हिडिओ काढले होते. सरांनी ते सगळे व्हॉट्सअॅपवर मागवून घेतले आणि दुसऱ्या दिवशी फोन, "तो सातवा व्हिडिओ लावा, लाल दिसतंय तिथे थांबवा, आणि सांगा कितवा रॉड चालू आहे." बघितलं तर मागे पोरगा नववा रॉड जोडून नुकताच बाजूला होत होता. म्हणजे १६० च्या जरासं पुढे, १६५ धरा.

आता हे लाल म्हणजे काय. आपला महाराष्ट्र बहुतेक सगळा बेसॉल्टवर बसलाय, आणि हा बेसॉल्ट एकदम एका दमात झालेला नाही, लाव्हाचे थरावर थर आलेत. एक थर येऊन थंड झाला, त्याचा वरचा भाग वाऱ्यापावसाने कुजला, मग त्यावर दुसरा लाव्हा आला आणि त्याने तो भाजून काढला. तो भाजलेला थर म्हणजे हा लाल गेरू. गेरूच्या खाली, जुन्या थराच्या माथ्याला, दगड बऱ्याचदा भोकाभोकांचा असतो कारण लाव्हातली हवा वर जमलेली असते, भोकांत पांढरे खडे बसलेले असतात, विहीर खणणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. पाणी राहिलं तर तिथे, नाहीतर दगडाला तडा असेल तिथे. अखंड काळ्या पाषाणात पाणी मावतच नाही, तो कितीही खोल असू दे. आमच्या ४२० पैकी साडेतीनशे फूट तरी आम्ही असल्या ठोकळ्यात घालवले. शेजाऱ्याला २१० ला लागलं म्हणून आपल्यालाही लागेल हेही म्हणून खोटं, त्याला त्याची फट सापडली होती, खाली काही तळं भरलेलं नाहीये.

सरांचं म्हणणं असं की थर साधारण आडवे आहेत, म्हणजे वर १६५ ला लागलेला गेरू खालच्या कोपऱ्यातही असणार, फक्त जमीन जेवढी खाली तेवढा तो वर सापडणार. टेकाडाखाली त्याला पाणी मिळत नाही, तिथलं मुरलेलं पाणी उताराकडे निघून जातं, म्हणून नुसता ओला चिखल आला. उंबराजवळ भोवतालचं मुरून येतं.

मग ते एप्रिलमध्ये आले. मुद्दाम एप्रिल. म्हणाले नोव्हेंबरात प्रत्येक बोअर चांगली वाटते, एप्रिल-मेमध्ये जे लागेल ते तुमचं. गवंड्याची पाण्याची पारदर्शक नळी घेऊन टप्प्याटप्प्याने उतार मोजला, वरच्या बोअरच्या तोंडापासून उंबरापर्यंत २८ फूट उतार. मग जमिनीत चार लोखंडी कांबी ठोकून विजेचा सर्व्हे केला, बाहेरच्या दोन कांबींतून करंट सोडायचा, आतल्या दोनमध्ये व्होल्टेज मोजायचं, कांबींतलं अंतर वाढवत न्यायचं म्हणजे खोलवरचं कळत जातं. जमीन इतकी सुकलेली की कांबींच्या बुडाशी मिठाचं पाणी ओतावं लागलं, मामी म्हणाल्या पाण्यासाठी आधी पाणी घाला. तीन जागा तपासल्या, उंबरापासून चाळीस फुटांवरची एक निवडली. आणि सरांनी स्पष्ट सांगितलं, खात्री देत नाही, एवढ्या खोलीवरची पातळ फट या यंत्राला नेमकी दिसत नाही, पण १३५ ते १४० च्या आसपास गेरू लागला पाहिजे, नाही लागला तर १७५ ला थांबायचं. फी ६ हजार.

मामा काही बोलले नाहीत, फक्त उंबराखाली बसून तंबाखू मळत होते.

कागदपत्रांचं एक, हे सरांमुळेच कळलं. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याची विहीर असेल तर तिच्यापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय दुसरी विहीर-बोअर घ्यायची नाही, हे १९९३ च्या कायद्यापासून चालत आलंय. आमच्या कोपऱ्यापासून गावच्या नळयोजनेची विहीर ८०० मीटरवर निघाली, सुटलो. आणि २००९ चा जो भूजल कायदा आहे त्यात ६० मीटरपेक्षा खोल म्हणजे खोल विहीर, अधिसूचित (म्हणजे सरकारने तसं जाहीर केलेल्या) क्षेत्रात तशी मारायला मनाई आहे. ६० मीटर म्हणजे १९७ फूट. आम्ही आधी १२८ मीटर गेलो होतो आणि आपलं क्षेत्र कशात येतं हे विचारलंही नव्हतं. या खेपेला तलाठ्याकडे आणि पंचायतीत आधी जाऊन आलो, मग गाडी.

दुसरी बोअर, एप्रिल २०२३ चा शेवटचा आठवडा

गाडी दुसरी, भाव तोच. या वेळी दिवसा लावली. वहिनीने पत्र्यावर खडूने चौकोन आखले, दर दहा फुटांचा चुरा एक मूठ घेऊन त्या त्या चौकोनात. हे एक काम कोणीही करू शकतं, फुकट आहे, आणि नंतर सोन्याचं ठरतं.

मुरूम ४८ फूट निघाला, वरच्यापेक्षा जास्त. केसिंग ६० पर्यंत, पक्क्या दगडात बसवून. मग करडा, करडा, करडा. सव्वाशेला मला घाम फुटला. १३० ला करडाच. १३८ ला रिगचा आवाज बदलला, ठोक जरा मऊ झाली, आणि पाइपाच्या तोंडातून लाल पाणचट चिखल उडाला. मी सरांकडे बघितलं, ते घड्याळ बघत होते, जणू लोकल वेळेवर आली. १४२ पासून चुऱ्यात पांढरे कण चमकायला लागले, हातावर घेऊन धुतलं तर साखरेसारखे खडे, मांजऱ्या. आणि धुरळा बंद. आधी फेस, मग गढूळ पाणी, धारेने नाही, धापा टाकल्यासारखं, थांबून थांबून. १५० नंतर दगड परत घट्ट होत गेला. १७२ ला सर म्हणाले बास.

इथे खरी परीक्षा होती. कॉम्प्रेसरने तासभर फ्लशिंग केलं, म्हणजे हवेने बोअर धुऊन काढली, चर खणून पाणी एका जागी आणलं आणि २० लिटरचा कॅन लावला. दोन मिनिटं लागली. परत लावला, दोन मिनिटं. तिसऱ्यांदा पाच सेकंद कमी. म्हणजे तासाला सहाशे लिटर. गाडीवाल्यांच्या भाषेत इंचभर पाणी, ते पत्र्याला त्रिकोणी खाच पाडून वरून किती इंच वाहतंय ते बघतात. ड्रायव्हर हसला, "इतना में क्या होगा साब, दो सौ और मारो, फव्वारा आएगा." दादा माझ्याकडे बघायला लागला. त्याच्या तोंडावर परत तीच ती रात्र दीडची.

सर एवढंच म्हणाले, "तुम्हाला दिवसाला दोन हजार हवेत ना? हे तीन-साडेतीन तासांत येतं, आणि हे एप्रिल अखेरचं आहे. खाली परत ठोकळा आहे. आणखी खाली कोरडी फट लागली तर हे वरचं पाणी त्यात निघून जातं, असंही होतं." थांबलो. १७२ फूट म्हणजे साडेबावन्न मीटर. ड्रिलिंग १६,३४०, केसिंग २१,०००. पहिल्या कोरड्यापेक्षा स्वस्त.

पाणी लागल्यावरची कामं

पंपाच्या दुकानात गेलो तर त्याने दीड एचपी पुढे केला, म्हणाला मोठा घ्या फोर्स येईल. फोर्स येईल पण पाणी कुठून येईल. एक एचपीसुद्धा आमच्या खोलीवरून तासाला अडीच हजारांच्या वर खेचतो आणि बोअर देते सहाशे. म्हणजे पंप बोअरमध्ये साठलेलं पाणी आधी संपवतो आणि मग हवा खातो. हे पहिल्याच आठवड्यात झालं, मामींनी कलमांना पाणी लावलं आणि गोठ्यात गेल्या, परत आल्या तर पाइपातून फुसफुस आणि पॅनलवर लाल दिवा. पाणी संपलं की मोटर आपोआप बंद करणारं यंत्र सरांनी लावायला लावलं होतं म्हणून मोटर वाचली.

आता तो साडेसहा लिटरचा आकडा. पंप १४० फुटांवर सोडलाय, फटीच्या जरा वर. मे महिन्यात पाणी शंभर फुटांच्या आसपास उभं असतं. म्हणजे वर जेमतेम चाळीसेक फुटांचं पाणी, २६० लिटर, पंप ते सात-आठ मिनिटांत उडवतो, मध्ये जे झिरपतं ते धरून. मग अर्धा-पाऊण तास भरू द्यायचं. म्हणून टायमर लावला, सात मिनिटं चालू, सव्वा तास बंद, दिवसातून सहा वेळा, वर ५००० लिटरची टाकी टेकाडावर, घराच्या मागे. दिवसाला एकोणीसशेच्या आसपास लिटर चढतं. पाऊस लागला की पाणी दहा-पंधरा फुटांवर येतं, तेव्हा हे काहीच करावं लागत नाही.

पाण्याच्या तपासणीत एक झटका बसला. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, ३१० आला, भारतीय मानकाची मर्यादा ५००, म्हणजे छान. पण कोलिफॉर्म जंतू निघाले, ते पिण्याच्या पाण्यात शून्य पाहिजेत. जुलैचं सॅम्पल होतं, वहिनीने निर्जंतुक बाटली बर्फ घालून डब्यात भरून लोकलने आणली होती, बाजूच्या बाईने विचारलं मासे का. कारण सापडलं ते आमच्याच आळसात: केसिंग आणि मुरमाच्या मधली फट वरून बंदच केली नव्हती, कट्टाही नंतर करू म्हणून राहिला होता, आणि चढावर मामांचा म्हशींचा गोठा. पावसाचं पाणी शेण धुऊन सरळ केसिंगच्या बाहेरून खाली. मग फट चिकणमाती आणि सिमेंटने भरली, कट्टा बांधला, ब्लीचिंग पावडर घालून बोअर धुतली, पाणी काढून टाकलं, परत तपासलं, शून्य. तरी मामी उकळूनच पितात, आणि मी काही म्हणत नाही.

घर झालं, ८० चौरस मीटरचं छप्पर. आमच्याकडे पाऊस सहज अडीच हजार मिलिमीटर होतो, म्हणजे छपरावर दोन लाख लिटर. ते पन्हाळीने खाली आणून उंबराच्या वरच्या अंगाला शोषखड्ड्यात सोडलंय, दगड-खडी-वाळू घालून. कोणीतरी सांगितलं होतं सरळ बोअरमध्येच सोडा, गोठ्याचा अनुभव घेतल्यावर ते कोण करतोय. शोषखड्ड्याने फरक किती पडला ते अजून छातीठोक सांगता येणार नाही, दोन-चार वर्षांच्या नोंदी लागतील.

त्या नोंदी मामा ठेवतात. नायलॉनची दोरी, तिला दर पाच फुटांवर गाठ, टोकाला मोठा नटबोल्ट. पंप बंद करून तासाभराने कट्ट्यावरच्या झाकणाच्या छोट्या भोकातून सोडायचा आणि कान लावायचा, पाण्याला लागला की टप्प आवाज येतो, मग गाठी मोजायच्या. दर अमावास्येला, कॅलेंडरवर लिहून ठेवतात. वीज बिल, दुधाचा हिशोब आणि बोअर, सगळं एकाच चौकोनात.

२०२४ च्या मे अखेरीला आमच्या सोसायटीत नोटीस लागली, धरणांत साठा कमी म्हणून ३० मेपासून पाच टक्के पाणीकपात, ५ जूनपासून दहा टक्के. ग्रुपवर नेहमीचा गदारोळ. त्याच आठवड्यात मामांचा फोन आला, मी म्हणलं मामा इकडे कपात लागली. ते म्हणाले, "इकडे ९७ फूट. गेल्या खेपेला याच दिवसांत १०१ होतं. टायमर मी आठ मिनिटांवर न्यायचा का?"

मी म्हणलं नको मामा, सातच राहू द्या, पाऊस लागेपर्यंत.